बेडक्या पाहिजे

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर कवळ्या केल्या. म्हणजे डॉक्टर लोक माणसाच्या जबड्याचं माप घेऊन पाठवायचे, आणि सासरे त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचे, गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायचे, त्यात एकेक दात बसवायचे आणि शेवटी कवळीला अशी झिलई द्यायचे की बघणाऱ्याला वाटावं, आपलेही दात पाडून घ्यावेत. गावातले निम्मे म्हातारे त्यांच्या जिवावर चावत होते.

या धंद्याचा परिणाम असा झाला, की सासरे माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत. तोंडाकडे बघतात. त्यांच्या मुलीशी लग्न करायचं आहे हे सांगायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. घरून पाठ करून आणलेलं भाषण मी एका दमात म्हणून टाकलं. ते टक लावून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "वरचा डावा सुळा जरा बाहेर आलाय. बाकी ठीक आहे." एवढ्यावर आमचं लग्न ठरलं. भाषणातला एक शब्दही त्यांच्या कानात शिरला नव्हता, हे मला पुढे कळलं.

नावं तर त्यांच्या डोक्यात अजिबात राहत नाहीत. शेजारच्या घरातल्या गृहस्थांना ते 'खालच्या दोन दाढा' म्हणतात आणि त्यांच्या बायकोला 'सोन्याची टोपी'. मला ते जावईबापू म्हणतात. लोकांना वाटतं, काय हा मान! मान वगैरे काही नाही. त्यांना माझं नाव येत नाही.

तर एका रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सगळं शांतपणे चाललं होतं. एकाएकी सासरे हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग घास अडकला, मग डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाईंनी उठून पाठीवर दोन सणसणीत धपाटे घातले.

"अहो, झालं काय एवढं?"

"बेडक्या आठवला," सासरे धापा टाकत म्हणाले.

बेडक्या हा त्यांचा तरुणपणचा मित्र. कवळ्यांच्या कारखान्यात दोघं एकाच बाकावर बसून काम शिकले, एकाच खोलीत राहिले, एकाच छत्रीतून भिजले. सासरे उंच आणि जरा वाकलेले म्हणून मालक त्यांना 'उंट' म्हणायचा, आणि मित्राचं तोंड एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत म्हणून तो 'बेडक्या'. पुढे बेडक्या लग्न करून दुसऱ्या गावी गेला, सासऱ्यांनी इथे बस्तान बसवलं, आणि भेटू भेटू म्हणता म्हणता दोघं म्हातारे झाले.

"एकदा काय झालं," सासरे सांगू लागले, "दुपारची वेळ. मी वाटीत प्लास्टर कालवत होतो. बेडक्या शेजारी बसला होता. आणि आम्ही असे हसायला लागलो, असे हसायला लागलो, की बाकावरून खाली पडलो! हसणं थांबेपर्यंत वाटीतलं प्लास्टर दगड झालं. मालकाने वाटीसकट हाकलून दिलं दोघांना!"

ते पुन्हा हसू लागले. आम्हीही हातचं न राखता हसलो. मग माझ्या बायकोने विचारलं, "पण बाबा, तुम्ही हसत कशाला होतात?"

सासरे थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. छताकडे बघून झालं, ताटाकडे बघून झालं.

"तेच आठवत नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून घराची शांती गेली. सासऱ्यांना दुसरं काही सुचेना. अंघोळीला गेले की आतून "मालकाची टोपी? छे, टोपी नाही" असं ऐकू यायचं. भाजीवाल्यासमोर उभे राहून ते एकदम "मांजर! मांजर असणार!" म्हणाले आणि तो बिचारा मागे वळून मांजर शोधत बसला. रात्री सासूबाईंना हलवून जागं करायचे, "अगं, कोणी घसरून पडलं असेल का?" शेवटी सासूबाईंचं डोकं फिरलं.

"माझा जीव कशाला खाताय? त्या बेडक्यालाच विचारा की!"

सासऱ्यांना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच मला बोलावणं धाडलं. मी गेलो. बायकोही बरोबर आली आणि फोन घेऊन शोधायला बसली.

"बाबा, त्यांचं पूर्ण नाव सांगा."

"बेडक्या."

"ते नव्हे हो. खरं नाव."

सासऱ्यांनी विचार केला. "नावात एक 'र' होता बहुतेक," ते म्हणाले. "का 'ल'? पण तुला सांगतो, वरच्या पुढच्या दोन दातांत अशी सुंदर फट होती ना..."

"बाबा, फटीवरून माणूस सापडत नाही!"

"सापडायला पाहिजे," सासरे गंभीरपणे म्हणाले.

जुना कारखाना केव्हाच बंद पडला होता आणि त्या जागी आता आरशांचं दुकान होतं. मालक देवाघरी गेले होते. मग राहता राहिली वर्तमानपत्रातली जाहिरात. मजकूर सासऱ्यांनी स्वतः तयार केला आणि मला वर्तमानपत्राच्या कचेरीत पिटाळलं. खिडकीमागे एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कोणत्या सदरात घालू?"

"हरवले-सापडलेमध्ये घाला."

"माणूस हरवला असेल तर आधी पोलिसांत तक्रार लागते."

"मग 'पाहिजेत'मध्ये."

"तिथे फक्त नोकऱ्या."

माझ्यामागे रांग वाढली होती. मागचा माणूस माझ्या मानेवर उसासे टाकत होता. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल तिथे घाला."

त्यांना योग्य वाटलं ते सदर म्हणजे 'पाळीव प्राणी'. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुत्र्याची पिल्लं आणि माशांची काचेची पेटी यांच्या मधोमध, सासऱ्यांचा मजकूर ठळक अक्षरांत झळकला:

"बेडक्या पाहिजे. वय सत्तरीच्या पुढे. तोंड मोठे. असशील तिथून निघून ये. कोणी रागावणार नाही. – उंट."

खाली सासऱ्यांचा फोन नंबर आणि पत्ता. पैसे महिनाभराचे भरले होते.

पहिला फोन प्राण्यांच्या दुकानातून आला. दुकानदार मोठा सज्जन माणूस होता. "साहेब, बेडूक मिळेल, पण सत्तरीचा मिळणार नाही. एवढं जगतच नाहीत ते. कासव देऊ का? सत्तरीचं आहे माझ्याकडे. स्वभावाने शांत आहे."

सासऱ्यांनी खरोखर थोडा विचार केला. मग म्हणाले, "कासवाला दात नसतात. नको."

दुसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात एक गोल गरगरीत म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा पुडा. सासऱ्यांना बघताच त्यांनी पुडा खाली टाकला आणि "उंटा! अरे लेका उंटा! किती रे वाळलास!" असं ओरडून कडकडून मिठी मारली. सासरे त्यांच्या पोटावर टेकून जवळजवळ तरंगत होते. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मीही गहिवरलो.

मिठीतूनच सासऱ्यांचा आवाज आला, "आ कर."

"काय?"

"आ कर बघू."

गृहस्थ गोंधळले, पण त्यांनी आ केला. सासऱ्यांनी खिशातून छोटी विजेरी काढून आत उजेड टाकला. "पूर्ण कवळी आहे. काढ."

"अरे, आल्या आल्या कवळी काढ काय? चहा तरी विचार!"

"काढ म्हणतो ना. बाळे," हे माझ्या बायकोला, "दाराचा जबडा आण."

दाराचा जबडा म्हणजे काय ते सांगायला हवं. काम शिकत असताना दोघा मित्रांनी एकमेकांच्या तोंडाची मापं घेऊन साचे ओतले होते. बेडक्याचा साचा सासऱ्यांनी जपून ठेवला होता. सासूबाईंनी तो वाऱ्याने दार आपटू नये म्हणून झोपायच्या खोलीच्या दाराशी लावला होता. दात दिवाणखान्याच्या दिशेला, त्यामुळे नवीन पाहुणा दचकायचा. आता तो साचा टेबलावर आला. सासऱ्यांनी गृहस्थांच्या टाळूकडे बघितलं, साच्याच्या टाळूकडे बघितलं, पुन्हा गृहस्थांच्या टाळूकडे बघितलं.

"तू बेडक्या नाहीस."

"कसा नाही?" गृहस्थ बिनदातांच्या तोंडाने म्हणाले. "सगळी शाळा मला बेडक्या म्हणायची! डबकं दिसलं की मी त्यात! आणि तू उंट, मागच्या बाकावरचा!"

"मी पुढच्या बाकावर बसायचो," सासरे म्हणाले. "आणि ती शाळाही वेगळी."

दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलं. मग गृहस्थांनी कवळी परत बसवली, खाली पडलेला बिस्किटांचा पुडा उचलला आणि विचारलं, "मग हा फोडायचा की नाही?"

फोडला. हे गृहस्थ लाँड्रीवाले होते. दुकान आता मुलगा बघत होता आणि त्यांना घरी करमत नव्हतं. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी आले ते सासऱ्यांचे सगळे शर्ट इस्त्रीला घेऊन गेले. सासूबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, हा खरा नाही ना? मग हा रोज का येतो?"

त्यानंतर एक उंच, ताठ कण्याच्या बाई आल्या. दार उघडायला मीच होतो.

"उंट इथेच राहते का?" त्यांनी विचारलं.

"राहतो," मी म्हटलं.

बाईंचा चेहरा उतरला. "राहतो? म्हणजे पुरुष आहे?"

या बाई मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. कॉलेजात असताना लांब उडीत त्यांचा हात कोणी धरत नसे, म्हणून सगळ्या त्यांना बेडक्या म्हणायच्या. आणि उंट म्हणजे त्यांची जिवलग मैत्रीण. उंच उडीवाली.

"पण बाई," लाँड्रीवाले म्हणाले, "जाहिरातीत 'तोंड मोठे' लिहिलंय. ते वाचून तुम्ही कशा आलात?"

"तीस वर्षं वर्ग घेतलेत मी," बाई म्हणाल्या. "तोंड मोठं असल्याशिवाय होतं का ते? आणि एक सांगते, जाहिरातीत 'पाहिजे' लिहून पुढे 'निघून ये' लिहिणं चूक आहे. आधी सगळ्यांना सांगताय आणि मग एकदम त्यालाच सांगताय. मजकूर कोणी लिहिला?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी ते निमूटपणे सोसलं.

बाईंनाही आ करायला सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला, पण जाताना बाईंची दाढ ठणकत होती म्हणून त्यांनीच सासऱ्यांना बघायला सांगितली. सासऱ्यांनी डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला. पुढच्या रविवारी त्या दाढ बरी झाल्याचं सांगायला आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी काही न सांगताच आल्या. अशा रीतीने एका बेडक्याच्या शोधात घरात दोन बेडके झाले आणि खऱ्याचा पत्ता नाही. सासरे मात्र सुकत चालले होते. एवढी माणसं घरात असूनही त्यांच्या प्लास्टरच्या वाटीची गोष्ट ऐकून कोणालाच हसू येत नव्हतं. लाँड्रीवाले तर म्हणाले, "वाटी फुकट गेली म्हण की."

मग एका संध्याकाळी फोन आला. सासऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा ठेवलेला असतो. सगळ्यांनी सगळं ऐकलं.

"ती जाहिरात ताबडतोब बंद करा!" एक चिडलेला आवाज म्हणाला. "रोज सकाळी पेपर उघडला की तेच! सुसंस्कृत समाजात असल्या जाहिराती शोभत नाहीत!"

प्रत्येक 'स'बरोबर एक बारीक शिट्टी येत होती. सासऱ्यांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा गाणं ऐकावं तसा झाला.

"पुन्हा एकदा 'समाज' म्हणा," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"समाज म्हणा. नाहीतर सोसायटी म्हणा."

"सोसायटीचा अध्यक्ष आहे मी! मला काय सांगता?" यावर लागोपाठ तीन शिट्ट्या.

"बेडक्या!" सासरे ओरडले.

मग आवाज आला, "मी बेडक्या नाही."

"पुढच्या दोन दातांत फट आहे तुझ्या!"

"ते दात पडले केव्हाच!"

"मग शिट्टी कुठून येते?"

मग अगदी खालच्या आवाजात उत्तर आलं, "कवळीत ठेवलीय. फट नसली की मला दुसराच कोणी बोलतोय असं वाटतं."

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पण त्यांना काही बोलता येण्याआधीच पलीकडून एका बाईचा आवाज आला, "अहो, कोण बेडक्या?"

"कोणी नाही. राँग नंबर आहे."

"तुम्हीच लावलात ना फोन?"

थोडी झटापट ऐकू आली आणि मग बाईंचा आवाज एकदम जवळून आला. "हॅलो, मी यांची बायको. मला एक सांगा, यांना लहानपणी बेडक्या म्हणायचे?"

"लहानपणी नाही, कारखान्यात," सासरे म्हणाले. "पण हो, बेडक्याच."

"वाघ नाही?"

"वाघ?" सासरे चक्रावले. "वाघ कोण?"

त्यावर त्या बाई जे हसू लागल्या ते थांबेचनात. मधेच त्यांना ठसका लागला. "अहो, लग्नापासून मला सांगताहेत, मित्र मला वाघ म्हणायचे! नातवंडांनासुद्धा तेच सांगितलंय! वाघोबा आजोबा म्हणतात ती यांना!" मागून "दे इकडे फोन, दे" असं केविलवाणं ऐकू येत होतं. "पत्ता आहे पेपरात," बाई म्हणाल्या. "आम्ही रविवारी येतो. यांना मी घेऊन येते, तुम्ही काळजी करू नका."

रविवारी सासरे सकाळपासून तयार होऊन बसले. लाँड्रीवाल्यांनी त्यांच्या शर्टाला एवढी कडक इस्त्री केली होती की त्यांना वाकता येत नव्हतं. मुख्याध्यापिका बाईही आल्या होत्या. दोघांना आज येऊ नका असं सांगायचं सासूबाईंच्या मनात होतं, पण सांगणार कोण?

रिक्षा थांबली. आधी उतरल्या त्या एक ठेंगण्या, हसऱ्या बाई. मग उतरले ते सुटाबुटातले, गळ्यात टाय आवळलेले एक म्हातारे गृहस्थ. तोंड खरोखर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत होतं, पण ते त्यांनी घट्ट मिटलं होतं. दारात उभं राहून त्यांनी घसा खाकरला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. नावात ना 'र' होता ना 'ल'.

"असेल," सासरे म्हणाले.

मग दोघं समोरासमोर नुसते उभे राहिले. इतक्या वर्षांनी भेटलेली दोन माणसं. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. लाँड्रीवाल्यांनी रुमाल काढून तयार ठेवला. सासरे मित्राच्या तोंडाकडे बघत होते. मित्र सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"कोणी केली?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीच. तुझी?"

"मीच." सासरे जरा पुढे झुकले, शर्टाने परवानगी दिली तेवढे. "खालची बसत नाही तुझी."

"बसते."

"उडते. बोलताना उडते."

"तुझ्या पुढच्या दातांचा रंग बघ आधी! बशा बसवल्यात बशा!"

"काढ बघू."

"तू काढ आधी!"

आणि अक्षरशः दारातच, टायसकट आणि इस्त्रीसकट, दोघांनी कवळ्या काढल्या आणि एकमेकांच्या हातात दिल्या. मग टेबलाशी जाऊन बसले. उजेडाकडे धरून बघणं चाललं, कडेवरून बोट फिरवणं चाललं, आणि बोलणं तर विचारूच नका. "फू भफ फफलं आहेश." "भुभी फाफू भघ." आम्हाला काडीचाही अर्थ लागत नव्हता. त्यांना मात्र एकमेकांचं अक्षर अन् अक्षर कळत होतं. मधेच मित्राने साच्याकडे बोट दाखवलं. तो परत दाराला लावलेला होता. सासऱ्यांनी त्याच्याच छातीवर बोट ठेवलं. मित्र उठून दारापाशी गेला, वाकून आपले तरुणपणचे दात बघितले, आणि एवढी वर्षं आपण दार धरून बसलो होतो हे कळल्यावर सासूबाईंकडे असं बघितलं की त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"काय बोलतायत हो?" मुख्याध्यापिका बाईंनी मला विचारलं.

"व्याकरण बरोबर असावं," मी म्हटलं.

जेवणापूर्वी कवळ्या परत आपापल्या जागी गेल्या. मग सासऱ्यांनी इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न काढला.

"बेडक्या, त्या दिवशी दुपारी मी प्लास्टर कालवत होतो, आणि आपण दोघं हसून हसून बाकावरून पडलो. वाटीत दगड झाला. मालकाने हाकललं. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं?"

"आपण कशाला हसत होतो रे?"

सगळे पुढे सरकले. मित्राने चमचा खाली ठेवला.

"आपण? मी कुठे हसत होतो? माझी दाढ ठणकत होती. मी विव्हळत होतो!"

"विव्हळत होतास?"

"गडाबडा लोळत होतो! बाकावरून पडलो तो दुखण्याने! तुला म्हटलं, उंटा, काहीतरी कर रे, उपट ती दाढ. तर तू म्हणालास, आपण दात बसवतो, काढत नाही. आणि हसत सुटलास. मी रडतोय आणि तू हसतोयस. मी आणखी रडलो तर तू आणखी हसलास!"

"मग मी का पडलो?"

"मी लाथ मारली म्हणून."

सासऱ्यांचा चेहरा पडला होता. ज्या हसण्यासाठी एवढं रान उठवलं ते हे निघालं. सासूबाई काहीतरी सावरून घेणार, एवढ्यात सासऱ्यांचे खांदे हलू लागले. त्यांनी ओठ आवळले. डोळे मोठे केले. काही उपयोग झाला नाही. "आपण दात बसवतो..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि ते टेबलावर डोकं ठेवून हसू लागले. मग लाँड्रीवाल्यांचं पोट हलू लागलं, त्याने टेबल हलू लागलं. मित्राची बायको तर पहिल्यापासून तयारच होती. माझी बायको, मी, सासूबाई, सगळे सुटलो. मुख्याध्यापिका बाईंनी तोंडावर हात धरला, पण हाताच्या दोन्ही बाजूंनी हसू बाहेर येत होतं.

"हसा," मित्र म्हणाला. "हसा. माझं मेलं कोणाला काय!" पण त्याचं ते भलंमोठं तोंड हळूहळू दोन्ही बाजूंना पसरत चाललं होतं, आणि शेवटी आतून असा काही आवाज आला की ज्याने हे टोपणनाव ठेवलं त्या मालकाला मनातल्या मनात दाद द्यावी लागली.

यानंतर दोघं मित्र सुखाने राहू लागले, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं काही झालं नाही. दोघांचं क्षणभर पटत नाही. बेडक्यांना सगळं वेळेवर लागतं, सासऱ्यांना वेळ कळत नाही. बेडक्यांना बातम्या मोठ्याने वाचून दाखवायची सवय आहे, तीही शिट्ट्यांसकट. प्रत्येक भेटीत एकदा तरी "मी चाललो" होतं आणि प्रत्येक वेळी टोपी विसरल्याच्या निमित्ताने परत येणं होतं. लाँड्रीवाल्यांशी तर त्यांचा उभा दावा आहे. घरात बेडक्या म्हणून हाक मारली की दोघं एकदम ओ देतात आणि मग रागाने एकमेकांकडे बघतात. बाईंना सगळे आता बाईच म्हणतात, त्यामुळे त्या वादातून सुटल्या. त्यांची उंच उडीवाली मैत्रीण अजून सापडलेली नाही, पण त्यांनी शोधायचं थांबवलेलं नाही. रविवारी मात्र त्या इथे असतात.

खरं जमलं ते सासूबाईंचं आणि बेडक्यांच्या बायकोचं. पहिल्याच दिवशी दोघी भांडी आवरताना अशा गप्पांत रमल्या की बाहेर यायचं विसरल्या. आता एकमेकींना रोज फोन. नवऱ्यांबद्दलच्या तक्रारी अगदी सारख्या निघाल्यामुळे त्यांना बोलायला विषय शोधावे लागत नाहीत. गेल्या आठवड्यात त्या दोघींनी ठरवलं, चार दिवस समुद्रावर जायचं. नवऱ्यांना न्यायचं नाही. बेडक्यांना बॅगेसह सासऱ्यांकडे आणून सोडण्यात आलं आणि दोघी हात हलवत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बायकोला काळजी वाटली म्हणून तिने स्पीकरवर फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर सासऱ्यांनी उचलला. मागे भांड्यांची आदळआपट आणि शिट्ट्यांची सरबत्ती चालू होती.

"बाबा, ठीक आहे ना सगळं? जेवलात का?"

"जेवू. भाताला पाणी किती घालायचं यावर चाललंय."

"मी येऊ का करायला?"

"अजिबात नको," सासरे घाईघाईने म्हणाले. त्यांच्या आवाजात असा आनंद मी तरी कधी ऐकला नव्हता. "आम्ही भांडतोय. तू ठेव फोन."